करंजीची मुरड

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी वडिलांचं किंवा शाळेतल्या गुरुजींचं नाव घेत नाही. ते दोघेही भले होते. पण माझं उत्तर एकच असतं: माझ्या वहिनींचे.

माझी आई मी पाच वर्षांचा असताना गेली. वडील तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. दादा माझ्याहून एकवीस वर्षांनी मोठे. मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेले. मी दहा वर्षांचा झालो त्या वर्षी त्यांना इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि ते एकटेच गेले. वहिनी मागे राहिल्या, वडिलांसाठी आणि माझ्यासाठी. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या तिशीच्या आणि मी दहा वर्षांचा, तरी नात्याने मी दीर, म्हणून त्या मला भाऊजी म्हणत आणि अहो-जाहो करत. "भाऊजी, नाक पुसा," असं त्या म्हणाल्या की शेजारपाजारचे लोक हसत. वहिनींना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

त्या स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. संध्याकाळी त्या भाकरी थापत आणि मी चुलीशेजारी बसून धडे मोठ्याने वाचायचो. खेळायला पळायचं असलं की मी मधल्या ओळी गाळत असे. त्या मान वर न करता म्हणत, "मघाशी तर राजा जिवंत होता. कधी वारला ते वाचा." असं करत करत मी मॅट्रिक झालो. निकालानंतर महिनाभराने वहिनी दादांकडे जायला निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी करंज्या केल्या, दिवाळी नसताना.

त्यांच्या करंजीला मुरड असे. सारण भरून कडा मिटवायच्या आणि मग ती कड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून थोडी थोडी दुमडत न्यायची, दोरीला पीळ घालावा तशी. बहुतेक घरांत कातण्याचं चाक फिरवून कड कापतात, ते झटपट होतं. आमच्या घरी कातणं होतं, पण कातण्याने कापलेली करंजी घरातल्या माणसांनी खायची. पाहुण्यासमोर मुरडीचीच ठेवायची. असा वहिनींचा नियम होता आणि तो त्यांना त्यांच्या आईकडून मिळाला होता.

पुढे मी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दादांनी मला लीड्सला पुढच्या शिक्षणासाठी बोलावून घेतलं. राहण्याजेवण्याची जबाबदारी आमची, असं त्यांनी लिहून दिलं होतं. उतरलो त्या सकाळी वहिनींनी दार उघडलं, आणि मी पायांना हात लावून वर बघितलं तेव्हा माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. बोटांची पेरं सुजली होती. सगळी बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती, वाऱ्याने पीक एका अंगाला पडतं तशी.

"बघताय काय? थंडीने होतं," त्या म्हणाल्या. थंडीने होत नव्हतं. तो संधिवाताचा वाईट प्रकार होता, आणि नर्स असलेल्या दादांना ते पक्कं माहीत होतं.

त्या काळी त्या आजारावर सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं देत. दर आठवड्याला बसने हॉस्पिटलात जायचं, रक्त-लघवी तपासायची आणि मग इंजेक्शन. वहिनींना हे कळलं तेव्हा त्या दादांना म्हणाल्या, "लग्नात अंगावर घातलं नाहीत, आता सरकार टोचून घालतंय." दादा दिवसभर हसत होते. वॉर्डातल्या सिस्टर लोकांना त्यांनी ते इंग्रजी करून सांगितलं. पण इंग्रजीत कुणाला हसू आलं नाही, असं ते संध्याकाळी म्हणाले.

गावाकडच्या पत्रांत एक वाक्य नेहमी असे: तिकडे सगळं फुकट असतं, बरं आहे. ते खोटं नव्हतं. डॉक्टर, हॉस्पिटल, पुढे झालेलं बोटांचं ऑपरेशन, कशालाही पैसे पडले नाहीत. पण हॉस्पिटल आठवड्यातून एक सकाळ. उरलेल्या दिवसांत ब्लाउजचे हुक कोण लावणार, केस कोण विंचरणार, पातेलं कोण उतरवणार? म्हातारपणाची पेन्शन सुरू होण्याआधीच जे अपंग होतात त्यांच्यासाठी या देशात निरनिराळे भत्ते होते, आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळा. मी शिकलेला, म्हणून ते दरवाजे शोधायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला दरवाजा नोकरीवाल्यांचा. पगारातून नॅशनल इन्शुरन्सचा स्टँप, म्हणजे सरकारी विम्याचा हप्ता, भरला असेल तर आजारपणात भत्ता मिळे. वहिनींनी आल्यापासून चार-पाच वर्षं घरी बसून एका कारखान्याच्या कोटांची अस्तरं शिवली होती. पण ते काम नगावर रोख पैसे देणारं, त्याचा स्टँप कुणी भरला नव्हता. म्हणजे तो दरवाजा बंद. दुसरा खास लग्न झालेल्या बायकांसाठी होता. त्यात विचारत, घरातली नेहमीची कामं तुम्हाला करता येतात का? येत नसतील तरच भत्ता. मी तो फॉर्म आणला. दादांनी वाचला आणि घडी घालून मला परत दिला. "माझ्या बायकोला घर सांभाळता येत नाही असं मी लिहून देऊ?" ते म्हणाले. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. तिथून त्यांनी विचारलं, काय आहे? दादा म्हणाले, काही नाही, तुझ्या भाऊजींचं कॉलेजचं काहीतरी.

मला तेव्हा दादांचा अभिमान वाटला होता. तेही इथे लिहून ठेवायला हवं.

मी शिकलो, केंब्रिजला प्रयोगशाळेत नोकरीला लागलो, लग्न केलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी दादा वॉर्डातच हृदयविकाराने गेले. वहिनींना विधवांची पेन्शन सुरू झाली, आणि ती मिळते म्हणून अपंगांचा तेव्हाचा दुसरा भत्ता मिळेना. मी त्यांना केंब्रिजला चला म्हणालो. माझ्या बायकोनेही मनापासून म्हटलं. वहिनींनी मान हलवली. "तुमच्या घरी मी पाहुणी होईन," त्या म्हणाल्या. "इथे मी घरची आहे." त्यांना एवढंच हवं होतं: लीड्समधल्या त्या अरुंद घरात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, शेवटपर्यंत राहायला मिळावं. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, दिलेली होम हेल्प घरकामाला आठवड्यातून दोनदा येई. तेवढ्याने भागेनासं झालं. त्यांना रोज सकाळी उठवून बसवायला, कपडे घालायला माणूस लागणार होतं. ते नाही जमलं तर घर विकून अपंगांच्या होममध्ये जाणं, हे कौन्सिलच्या बाईने आडवळणाने दोनदा सांगून झालं होतं.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास अपंगांसाठी नवा भत्ता, डिसॅबिलिटी अलाउन्स, सुरू झाला. याला स्टँप लागत नव्हता आणि विधवा पेन्शनचीही आडकाठी नव्हती. तो मिळाला तर रोज सकाळी येणारी बाई ठेवता आली असती. फॉर्म लांबलचक होता, पण त्यातला एक प्रश्न मला तोंडपाठ झाला: एका माणसापुरतं साधं गरम जेवण तुम्हाला स्वतः करता येतं का? भाजी सोलणं, चिरणं, गॅस चालू करणं, गरम पातेलं उतरवणं. फॉर्म मी भरला. वहिनींना फोनवर विचारलं तर त्या म्हणाल्या, "होतं कसंबसं. तुम्ही लिहा तुम्हाला बरं वाटेल ते." मी लिहिलं की अडचण पडते. महिन्याभराने पत्र आलं की एक डॉक्टर घरी येऊन तपासतील.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी लीड्सला पोचलो. बघतो तर घर लखलखीत. होम हेल्पला वहिनींनी कामाला लावलं होतं. मीही गप्प बसलो नाही. चालायची फ्रेम जिन्याखाली सरकवली, बेडरूममधली कमोडची खुर्ची चादर टाकून झाकली. बाहेरचा माणूस येणार, त्याला असल्या वस्तू दिसू नयेत, एवढंच मनात होतं. वहिनींनीही तेच सांगितलं असतं. हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं त्याच्याच विरुद्ध मी वागतोय, हे एकदाही सुचलं नाही. मी एम.एस्सी. झालेला माणूस.

मग वहिनींनी मला कपाटातला डबा काढायला सांगितलं. आत करंज्या होत्या. अकरा. मुरडीच्या.

"कधी केल्यात?" मी विचारलं.

"परवापासून. डॉक्टर येणार, त्यांच्यापुढे काय दुकानातली बिस्किटं ठेवू?"

त्यांचे हात टेबलावर होते, पेरं लाल आणि चकचकीत. अकरा करंज्यांना दोन दिवस लागले होते. चार-चार करून पीठ लाटलं होतं, मध्ये कोमट पाण्यात हात धरून बसल्या होत्या, दुखण्याच्या गोळ्या जास्तीच्या घेतल्या होत्या. शेवटच्या तीन करंज्यांची मुरड डावीकडून उजवीकडे नीट येत नव्हती, म्हणून डाव्या हाताने उलटी घातली होती. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि ज्या स्वरात सांगितलं त्यात तक्रार नव्हती. त्यांनी मला ती उलटी मुरड ओळखायला लावली. मला ओळखता आली नाही. त्या खूष झाल्या.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी अकराला आले. वयस्कर, सभ्य गृहस्थ, दारात बूट पुसून आत आले. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. वहिनी इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. शेजारणीने येऊन अंबाडा घालून दिला होता. डॉक्टर आले तशा त्या खुर्चीचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या आणि नमस्कार केला. बोटं सरळ होत नसल्याने नमस्कार वाकडा झाला, पण उभ्या राहिल्या. डॉक्टर प्रश्न विचारत, मी तो मराठीत सांगे, वहिनी उत्तर देत, मी ते इंग्रजीत सांगे. पातेलं उचलता येतं का? वहिनी मला म्हणाल्या, "नाही उचलत, पण हे त्यांना कशाला सांगायचं? सांगा चाललंय." मी डॉक्टरांना सांगितलं की त्या म्हणतात, चाललंय.

तपासणी झाल्यावर वहिनींनी मला खूण केली. मी बशी आणली. डॉक्टरांनी एक करंजी खाल्ली, मग दुसरी घेतली आणि तिची कड बोटाने चाचपून बघितली. हे कसं करतात, त्यांनी विचारलं. यंत्राने का?

आणि मी म्हणालो, "नाही, हाताने. त्यांनी स्वतः केल्यात."

"एकटीने?"

"अगदी एकटीने. आमच्या घरात अशी मुरड दुसऱ्या कुणाला जमत नाही."

इंग्रजीत ते फार चांगलं जमून गेलं. एवढं सफाईदार इंग्रजी मी क्वचितच बोललो असेन. डॉक्टर हसले, वहिनी काय बोललो ते न कळताही हसल्या. जाताना डॉक्टर म्हणाले की इतकं छान आदरातिथ्य त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

त्यानंतर आठ दिवस वहिनींना कप धरता आला नाही. होम हेल्प येई तेव्हा ती, एरवी शेजारीण त्यांना नळीने चहा पाजत होती. हे मला फोनवर शेजारणीकडून कळलं.

नकार सहा आठवड्यांनी आला. छोटं पत्र होतं, त्यात कारण म्हणून एक ठोकळेबाज वाक्य. वहिनींना मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "करंज्या बिघडल्या होत्या का हो? सारणात खोबरं जरा जुनं होतं." मी नाही म्हणालो.

तीन महिन्यांच्या आत फेरविचार मागता येत होता. मी कागद मागवले. कौन्सिलच्या ऑफिसात अशा कामांत सल्ला देणारी एक तरुण बाई होती, तिच्याकडे घेऊन गेलो. तिने डॉक्टरांचा रिपोर्ट उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवून वाचलं. अर्जदार बाईंनी भेटीसाठी स्वतःच्या हाताने नाजूक कलाकुसरीचा गोड पदार्थ बनवला होता. तो त्यांनी कुणाच्याही मदतीशिवाय बनवल्याचं त्यांच्या दिरांनी सांगितलं.

"हे दीर कोण?" तिने विचारलं.

"मी."

ती माझ्यावर चिडली नाही. पेन खाली ठेवून तिने समजावलं की तुमच्या लोकांत हे मी पुष्कळदा बघते. घरी कुणी येणार म्हटलं की तुम्ही आजारी माणसाला सजवता. "आता एक करा. त्यांचा सगळ्यांत वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा आणि तोच लिहा. त्यांच्याबद्दल एकही चांगली गोष्ट लिहू नका." वहिनींबद्दल एकही चांगली गोष्ट न लिहिणं. मी ते कागद पिशवीत घातले आणि बाहेर येऊन बस स्टॉपवर बसलो. दोन बसेस गेल्या.

लिहायला मला पाच रविवार लागले. तीन पानं. दरवाजा, जिना, अंघोळ, संडास, हुक, केस, चमचा, गॅस. प्रत्येक ठिकाणी काय करता येत नाही. वहिनींना विचारलं असतं तर त्यांनी काहीच लिहू दिलं नसतं, म्हणून शेजारणीला आणि होम हेल्पला फोन करून विचारलं. त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. वर्षातून चार-पाचदा मी त्या घरी जेवत होतो, वाढलेलं खात होतो. ते ताटात कसं आलं हे कधी विचारलं नव्हतं.

वहिनींना इंग्रजी पानं वाचता येणार नव्हती, म्हणून सोबत मराठीत पत्र लिहिलं आणि सगळं लीड्सला पाठवलं. सही होऊन पानं चार दिवसांत परत आली. सहीत त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं आणि पुढची खाली उतरत गेलेली. सोबत चिठ्ठी नव्हती.

फेरविचारात अलाउन्स मंजूर झाला. रोज सकाळी येणारी बाई मिळाली, यॉर्कशायरचीच, दणकट आणि बोलघेवडी. ती वहिनींना 'लव्ह' म्हणायची. घर राहिलं. मी केंब्रिजला घरी पेढे वाटले.

दिवाळीला लीड्सला गेलो तर स्वयंपाकघर थंड होतं. गॅसवर काही नव्हतं, ओट्यावर पुसलेल्या डागांचीही खूण नव्हती. टेबलावर त्या बाईने करून ठेवलेले सँडविच, वर कागद झाकलेला. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. मला वाटलं बरं नाही. तसं नव्हतं, त्या दिवशी तर त्यांचा हात बराच हलका होता. मी गमतीने म्हणालो, वहिनी, दिवाळीला आलोय, निदान चहा तरी.

"तुम्ही करा, भाऊजी. केंब्रिजात चहा शिकवतच असतील."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"मी सही केली आहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर बसून समजावलं. कागदाचा अर्थ तसा नाही. बहुतेक दिवस जमत नाही एवढंच त्यात आहे. एखाद्या चांगल्या दिवशी चहा केलात, दोन पोळ्या लाटल्यात तर कुणी काही म्हणणार नाही. मी धडा वाचताना ऐकायच्या तसं त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सरकारला एक सांगायचं आणि घरात दुसरं करायचं, असं तुमच्या दादांनी कधी केलं का? मला जमत नाही असं लिहून दिलंय. आता जमत नाही."

चहा मीच केला. फार उकळला. त्यांनी तो सगळा प्यायला.

त्यानंतर त्यांनी गॅस पेटवला नाही. मी तीनदा सांगितलं, त्या यॉर्कशायरच्या बाईनेही सांगितलं, हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीवालीने तर बजावलं की हात वापरत राहा. वहिनी सगळ्यांना हो म्हणत. बोटं हळूहळू मिटत गेली. दोन हिवाळे त्या त्यांच्या घरात राहिल्या, सकाळचा टोस्ट आणि दुपारचे सँडविच खाऊन. कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि दादांनी जिथे आयुष्यभर नोकरी केली त्याच हॉस्पिटलात त्या गेल्या.

घर आवरताना स्वयंपाकघराच्या कपाटात तो करंज्यांचा डबा मिळाला. आत कातणं होतं, पितळेचं, नवंच, न वापरलेलं, आणि त्याखाली चार घड्या केलेलं माझंच पत्र. घड्यांवर कागद झिजला होता. आता ते माझ्याकडे आहे. त्याच्या शेवटी काय लिहिलं होतं ते मी साफ विसरलो होतो. पत्र असं:

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

सोबत इंग्रजीत लिहिलेली तीन पानं आहेत. शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली केली आहे तिथे तुमची सही हवी. त्यात काय लिहिलं आहे ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मी सही मागणार नाही. न वाचता कशावरही सही करायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

त्यात लिहिलं आहे की तुम्हाला ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत. केस विंचरता येत नाहीत. वाईट दिवशी संडासवरून उठायला दुसऱ्याचा हात लागतो. भांडं भरलेलं असलं तर उचलता येत नाही, गॅसची कळ फिरवता येत नाही, सुरी धरता येत नाही, आणि स्वतःपुरतंही जेवण करता येत नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. मला लिहितानाही वाटलं. पण असं लिहिल्याशिवाय ते ऐकत नाहीत. जमतं असं आपण म्हटलं की ते लगेच खरं मानतात.

दुसरं मला कबूल करायचं आहे. नकार आला तेव्हा तुम्ही विचारलंत की करंज्या बिघडल्या होत्या का. नव्हत्या बिघडल्या. डॉक्टरांना त्या इतक्या आवडल्या की त्यांनी मुरडीबद्दल विचारलं, आणि मी सांगितलं की तुम्ही एकटीने, हाताने केल्यात. मी ते फुशारकीने सांगितलं, वहिनी. तुमचे हात सुजलेले मला दिसत होते, तरी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्यावरून अर्ज नाकारला. तीन महिने मी हे तुमच्यापासून लपवलं. धडा वाचताना मी ओळ गाळली की तुम्हाला कळायचं, पण ही ओळ गाळलेली तुम्हाला कळली नाही, कारण मी ती इंग्रजीत बोललो होतो.

चूक माझी आहे, तुमची नाही, करंज्यांची तर मुळीच नाही. माझं शिक्षण, ही नोकरी, अंगावरचा हा कोट, सगळं तुमच्या त्या हातांमुळे आहे, आणि त्या हातांची मला इतकी प्रौढी की ते दुखतात हे सांगायचं राहून गेलं. माफ करा असं लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

सही करून पानं आतल्या पाकिटात घालून पाठवा. तिकीट लावलं आहे. पेन धरताना त्रास झाला तर शेजारणीला मनगट धरायला सांगा, घाई करू नका.

आणि आता एक ऐका. यापुढे मी येईन तेव्हा माझ्यासाठी काही करू नका. करंज्या नकोत, चहासुद्धा नको. तुमच्या हातचं मी पुष्कळ खाल्लं आहे. आता तुम्ही नुसत्या बसा.

तुमचा,
भाऊजी